काठोकाठ

मे महिन्यातील त्या दुपारी साताऱ्याच्या घरात मी कोकम सरबताचा पेला काठोकाठ भरला आणि वर बर्फाचे तीन खडे सोडले. त्यांची टोके काठाच्या वर डोकावू लागताच आई म्हणाली, "इतकं भरायचं असतं का? बर्फ वितळला की सगळं टेबलावर येईल." मी लगेच मास्तर झालो. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारतो आणि वितळल्यावर नेमका तेवढ्याच जागेत मावतो, म्हणून थेंबही सांडणार नाही, असे मी तिला सांगितले. ती काही बोलली नाही. फक्त फडके आणून टेबलावर ठेवले.

पाण्याच्या या स्वभावाचे मला लहानपणापासून नवल वाटत आले आहे. आजी लोणी कढवून तूप बरणीत ओतत असे आणि थंडीत ते रात्रभरात थिजले की मधोमध खळगा पडलेला दिसे. थंडीत माणसाने अंग चोरावे तसे तूपही चोरते, यात मला काही वावगे वाटत नसे. पण बर्फाच्या साच्यातील प्रत्येक खड्याला मात्र वर टेंगूळ आलेले असे. पाणीसुद्धा ४ अंश सेल्सिअसपर्यंत शहाण्यासारखे आकसत जाते, त्याखाली मात्र पसरू लागते आणि गोठताना त्याचे रेणू षटकोनी चौकटीत मधे पोकळी सोडून उभे राहत असल्याने जवळजवळ ९ टक्के फुगते. हे मला कळले त्याच्या कितीतरी आधी मी काचेची बाटली तोंडापर्यंत भरून, बूच घट्ट लावून फ्रीजरमध्ये ठेवली होती. सकाळी काचा खाली पडलेल्या होत्या आणि बाटलीच्या आकाराचा बर्फ तेवढा ताठ उभा होता. आळ धाकट्या भावावर गेला, आणि तो मी जाऊ दिला.

याच आडमुठेपणामुळे थंड देशांतील तळी वरून गोठतात, तळाशी ४ अंशांचे जड पाणी टिकते आणि मासे हिवाळा काढतात. आमच्या कासच्या तलावातील माशांना ही काळजी नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दव गोठले, तरी आमच्याकडे त्याची बातमी होते.

एवढा विचार होईपर्यंत बर्फ वितळला होता. पेला उचलला, तर खाली टेबलावर ओले कडे उमटले होते. थंड पेल्याला बाहेरून घाम सुटतोच, असे मी म्हणणार होतो. पण ते कडे लाल होते. माझा नियम साध्या पाण्याचा होता. साखरेचे सरबत पाण्यापेक्षा जड असल्यामुळे त्यात बर्फ थोडा अधिक वर तरंगतो आणि वितळल्यावर त्याचे पाणी त्या जागेत पुरते मावत नाही. हे आईला समजावून सांगावे असे मला वाटले, पण तोवर तिने फडके माझ्या हातात दिले होते.