कौलांवरची डिश आणि फणसाची फांदी

कौलारू घरावर डिश बसवायची म्हटलं की पहिला प्रश्न सिग्नलचा नसतो, पाय कुठे ठेवायचा हा असतो. स्लॅबवाल्यांना हे कळायचं नाही. त्यांनी गच्चीवर जायचं, कोपऱ्यात स्टँड ठेवायचा, चार बोल्ट मारायचे, नाहीतर सरळ वर दोन विटा ठेवायच्या आणि खाली येऊन चहा प्यायचा. आमच्या दापोलीकडच्या घराला मंगलोरी कौलं, खाली रिपा, त्याखाली वासे, आणि वर चढायची परवानगी वर्षातून एकदाच, मे महिन्यात कौलं परतायला येणाऱ्या माणसाला. बाकी कोणीही, अगदी माकड चढलं तरी काकू अंगणात येऊन उभी राहते आणि कट्ट असा आवाज आला की वर बघून म्हणते, गेलं एक.

त्यामुळे दापोलीहून डिश बसवायला आलेल्या पोराने शिडी मागितली तेव्हा घरात एकदम शांतता. तो मात्र शहाणा निघाला, म्हणाला काकी मी कौलांवर जाणारच नाही, भिंतीला लावतो. आता भिंत म्हणजे जांभ्याचा चिरा. चिऱ्यात ड्रिल असं काही सरसर आत जातं की माणूस खूश होतो, पण जे सहज आत जातं ते सहज बाहेरही येतं, हे कोकणात राहिलेल्याला सांगावं लागत नाही. चिरा सच्छिद्र, बोल्टला पकड अशी मिळत नाही. मग दाराच्या वर जो काँक्रीटचा पट्टा आहे तो शोधला, त्यात बोल्ट ठोकले, त्याला पाइप, पाइपला डिश. पाइप लावून झाल्यावर त्याने खिशातून छोटी लेव्हल काढली तर काका आतून गवंड्याचा जुना ओळंबा घेऊन आले. पाइप ओळंब्यात नसेल तर पुढचं सगळं गणित चुकतं म्हणे, डिश फिरवली की उंचीही बदलते, उंची बदलली की दिशा हुकते, आणि माणूस दुपारभर फिरवत बसतो. अर्धा तास दोघं त्या पाइपाभोवती, एक लेव्हल लावून आणि एक ओळंबा सोडून. मला ही भेट फार आवडली. दोघांचं उत्तर एकच आलं, पण प्रत्येकाला वाटत होतं आपण दुसऱ्याचं तपासतोय.

मग दिशा. काकांनी घेतली होती डीडी फ्री डिश, कारण एकदा पैसे दिले की संपलं, दर महिन्याला रिचार्जची कटकट नाही. ती येते जीसॅट-15 वरून. हा उपग्रह 2015 च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेंच गयानातल्या कौरू इथून एरियान रॉकेटने वर गेला आणि तेव्हापासून विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरवर, 93.5 अंश पूर्व रेखांशाला पृथ्वीबरोबरच फिरतोय, म्हणजे आपल्याला तो जागचा हलतच नाही. दापोलीहून बघितलं तर तो येतो जवळजवळ बरोब्बर आग्नेयेला. तिथेच काकूचा चेहरा खुलला, आग्नेय म्हणजे अग्नीची दिशा, स्वयंपाकघर तिथेच आहे आपलं, म्हणजे वास्तूला धरून आहे. टेलिव्हिजनला वास्तुशास्त्राचं सर्टिफिकेट एवढ्या पटकन मिळालेलं मी दुसरीकडे बघितलेलं नाही.

वाडीत एक चक्कर मारा, सगळ्या डिशा समुद्राकडे पाठ करून बसलेल्या दिसतील. पर्यटक पैसे मोजून येतात तो सूर्यास्त मागे, आणि ह्यांचं तोंड सह्याद्रीकडे. पण सगळ्यांची तोंडं अगदी एका रेषेत नसतात, आणि थोडी नजर बसली की कोणाकडे कुठली कंपनी हे रस्त्यावरूनच कळतं. टाटा प्ले 83 अंशावर, म्हणून ती डिश दक्षिणेकडे जास्त झुकलेली, एअरटेल 108.2 वर, म्हणून ती पूर्वेकडे बरीच वळलेली, आणि फ्री डिश दोघांच्या मधे. कोणी कंपनी बदलली की दुसऱ्या दिवशी वाडीला पत्ता. जुनी डिश मात्र कोणी काढत नाही, ती आपली तशीच गंजत राहते, नाहीतर खाली उतरते आणि मग तिच्यात आमसुलं वाळतात.

सगळं नट आवळून झाल्यावर काकांनी लांबून बघितलं आणि म्हणाले, अरे ही तर फणसाकडे बघतेय. आणि खरंच तसं वाटत होतं, डिश सरळ समोरच्या फणसाच्या बुंध्यावर रोखलेली. पोरगा हसला. ह्या घरगुती डिशा ऑफसेट असतात, म्हणजे पुढे दांडीवर सिग्नल पकडणारा जो डबा, एलएनबी, असतो तो मधोमध नाही, खाली असतो, त्यामुळे डिश दिसते त्यापेक्षा साधारण 25 अंश वर बघत असते. चष्म्यावरून बघणारे जुने मास्तर आठवा, तोंड वहीकडे आणि नजर मागच्या बाकावर. दापोलीहून जीसॅट-15 क्षितिजापासून जवळपास 59 अंश वर आहे, म्हणजे बऱ्यापैकी डोक्यावरच, पण डिश बघितली तर वाटतं ही शेजाऱ्यांच्या गोठ्यात काय चाललंय ते बघतेय. त्यामुळे बुंध्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता वरच्या एका फांदीचा. ती नंतर.

आता खरं सांगायचं तर मला ह्या डिशचा थोडा रागच आहे, आणि त्याचं कारण अँटेना. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 1972 च्या 2 ऑक्टोबरला, आमच्याकडे डोंगराआड ते पोचायला बराच काळ गेला आणि पोचलं तेही मुंग्यांसकट. पण अँटेना भागवून घ्यायची. बांबूवर बांधा, वाकडी लावा, एक काडी मोडलेली असू दे, ती जमेल तेवढं दाखवायची. मुंग्यांच्या मागून माणूस दिसायचा, माणसाच्या शेजारी त्याचीच सावली दिसायची, आवाज खरखरत यायचा, आणि आपण ते बघायचो. बातम्या सांगणारी बाई नीट दिसत नाही म्हणून कोणी बातम्या सोडल्या नाहीत. वर एक जण अँटेना फिरवणार, खिडकीत एक जण, टीव्हीसमोर एक जण, आलं का, नाही, आता, थोडं मागे, अरे होतं तेव्हाच बरं होतं, हा कार्यक्रम टीव्हीवरच्या कार्यक्रमापेक्षा लांबायचा आणि शेवटी सगळे मिळून ठरवायचे की चालेल एवढं.

चालेल एवढं, हे डिशला कळतच नाही. ती डिजिटल. साधारण साठ सेंटीमीटरची डिश असेल तर तिला दिसणारा आकाशाचा तुकडा जेमतेम तीन अंशांचा, त्यात उपग्रह आला तर चित्र काचेसारखं लख्ख, नाही आला तर निळा पडदा आणि त्यावर नो सिग्नल. मधलं काही नाही. म्हणजे असतं थोडंसं, ते चौकोन चौकोन होऊन चित्र फुटतं ते, पण त्यात बघण्यासारखं काय, नायिकेचं अर्धं कपाळ हनुवटीच्या जागी. त्या पोराकडे सॅटफाइंडर होता, उपग्रह सापडला की वाजणारा मीटर, तो आधी मुका बसला आणि मग एका क्षणी असा किंचाळला की गोठ्यातली गाय उठली. तरीही तो खाली ओरडलाच, काका आलं का, आणि काका आतून ओरडले, आलं! मीटर हातात असताना विचारायची काही गरज नव्हती. पण विचारल्याशिवाय नट कसा आवळायचा?

बाकी एक काम त्याने फार मनापासून केलं आणि त्याबद्दल मी त्याला मानतो. वायर भिंतीतून आत घेण्याआधी तिला खाली झोळ दिला, आत जायच्या भोकाच्याही खाली, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत आलं की झोळाच्या तळाशी थेंब थेंब गळून जाईल, वर चढून घरात येणार नाही. आणि वायरीच्या टोकाच्या कनेक्टरला भरपूर टेप गुंडाळली. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे हे दोन नाही केले तर श्रावणापर्यंत कनेक्टरमधे हिरवा गंज. त्यात खारी हवा, आणि एलएनबीच्या मागे घर करणाऱ्या गांधीलमाश्या, त्यांचं तर वेगळंच प्रकरण आहे.

पाऊस वायरीतून येत नाही, पण वरून सिग्नल पितो त्याला काय करणार. ज्या लहरींवर हे सगळं चालतं त्यांची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास, आणि तेवढ्या बारीक लहरींना मोठे थेंब अडवतात, शोषतात. 36,000 किलोमीटर व्यवस्थित आलेला सिग्नल शेवटच्या चार-पाच किलोमीटरच्या ढगात अडकतो. मुंबई-गोवा हायवेवर वेगळं काय होतं म्हणा. मुसळधार कोसळायला लागला की काका रिमोट ठेवून देतात आणि झोपाळ्यावर जाऊन बसतात, कारण तेवढ्यात लाइटही जाणारच असतात.

पावसाचं तरी समजतं, पण एकदा मार्चमधे स्वच्छ उन्हात, भर सकाळी चित्र गेलं. दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला परत. काकूला संशय माकडांचा. झालं होतं असं की वर्षातून दोनदा, मार्चमधे आणि मग सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागतो तेव्हा, काही दिवस सूर्य बरोब्बर उपग्रहाच्या मागे येतो, आणि सूर्य स्वतःच रेडिओ लहरींचा एवढा गोंगाट करतो की डिशला उपग्रहाचा आवाज ऐकूच येत नाही. काही मिनिटांत सूर्य सरकतो आणि मालिका जिथे होती तिथून पुढे सुरू, मालिकांमधे तेवढ्या वेळात काही घडतही नाही. काकांनी आता हे कालनिर्णयवर लिहून ठेवलंय, एकादशीच्या खाली.

हे उपग्रहाचं प्रकरण आपल्याकडे तसं जुनं आहे. 1975-76 मधे नासाकडून वर्षभरासाठी मिळालेल्या एटीएस-6 वरून सहा राज्यांतल्या 2400 गावांत थेट टीव्ही दाखवला होता, डिश होती दहा फुटी आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, नाहीतर आमच्या वाडीत तेव्हाच फांदीवरून भांडण झालं असतं.

चाकरमानी गणपतीला आले की मात्र डिशचा मान वाढतो. ओटीवर पोरं मोबाइलवर मॅच बघत असतात, काका माजघरात डीडी स्पोर्ट्सवर. डिशचा सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, बॉक्सला थोडा वेळ, पण मोबाइलवरचं चित्र त्याच्याही कितीतरी मागे. त्यामुळे काका आतून आउट म्हणतात तेव्हा बाहेर बोलर अजून रनअपलाच असतो. पोरं वैतागतात, काका मुद्दाम मोठ्याने ओरडतात. फायबर घ्या फायबर घ्या म्हणून मागे लागलेल्या पुतण्याला त्यांनी हेच उत्तर दिलंय, तुझं फायबर येईपर्यंत ओव्हर संपते.

2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडलाही झोडपून गेलं. पोफळी आडव्या, माड आडवे, कौलं तर विचारूच नका. काँक्रीटच्या पट्ट्यातला पाइप जागेवर राहिला, फक्त डिश वळून थेट पडवीत बघायला लागली. लाइटच नव्हती एवढे दिवस, त्यामुळे तिला सरळ करायची घाई कोणालाच नव्हती. आधी छप्पर, आधी पाणी, आधी रस्त्यावरची झाडं. लाइट आली तेव्हा काकांनी भिंतीवर पेन्सिलीने आधीच मारून ठेवलेल्या खुणेवर डिशचा बाण जुळवला आणि चित्र आलं, पोराला बोलवावं लागलं नाही, ह्याचा आनंद त्यांना चित्रापेक्षा जास्त.

फणस त्या वादळात वाचला, आणि वाचल्याच्या आनंदात असा फोफावला की ती वरची फांदी आता बरोब्बर आड येते. पानं ओली झाली की सिग्नल निम्म्यावर. काका म्हणतात फांदी तोडू. काकू म्हणते ती फांदी कापा फणसाची आहे, तुमच्या बातम्यांसाठी मी गरे सोडणार नाही, तुम्ही डिश हलवा. डिश हलवायची तर काँक्रीटचा पट्टा फक्त तिथेच. मग अंगणात खांब पुरायचा विचार झाला, पण तिथून माड आड येतो. पोराला फोन केला तर तो म्हणाला नव्वद सेंटीमीटरची डिश लावा, पावसात जरा जास्त दम धरेल, पण फांदीला ती काय करणार. शेवटी असं ठरलंय की यंदाचे फणस उतरले की फांदी थोडी, फक्त टोकाची, छाटायची. किती थोडी, ह्यावर बोलणी चालू आहेत. काकूचं म्हणणं, आधी ती शिडी दुरुस्त करा, मग बोला.