अॅनाच्या गोष्टी

आज पुणे विद्यापीठात काम होतं. ते लवकर उरकलं, म्हणून मुख्य इमारतीसमोर झाडाखाली बसून मोबाईलवर 'ओल्ड डेक्कन डेज' हा लोककथांचा जुना इंग्रजी संग्रह पुन्हा वाचायला घेतला. गणेशखिंडीची ही इमारत ब्रिटिश काळात गव्हर्नरचा बंगला होती, आणि या गोष्टी सांगणारी अॅना लिबराता डिसोझा 1887 साली इथेच वारली.

अॅना आया होती. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर दौऱ्यावर निघाले तेव्हा त्यांची मुलगी मेरी सोबत होती. त्या प्रवासात अॅनाने तिला आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या. मेरी त्या टिपून घ्यायची आणि अॅनाला परत वाचून दाखवायची. मला हे फार मोलाचं वाटतं. 1868 मध्ये लंडनला पुस्तक निघालं. चित्रं काढली मेरीच्या बहिणीने, कॅथरीनने.

त्यातली पंचकिनची गोष्ट तुम्हीही लहानपणी कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकली असेल. जादूगाराचा जीव पोपटात, पोपट पिंजऱ्यात, पिंजरा एकावर एक रचलेल्या सहा घागरींच्या खाली! हीच गोष्ट लोककथांचा संग्राहक जोसेफ जेकब्जने 1892 च्या आपल्या संग्रहात घेतली आणि त्यासाठी जॉन बॅटनने चित्रं काढली. म्हणजे एका आजीची गोष्ट किती हातांतून गेली बघा.

मेरीने अॅनाची जीवनकहाणीही तिच्याच बोलीत पुस्तकात छापली. त्या काळात कितीतरी संग्राहकांनी सांगणाऱ्याचं साधं नावही नोंदवलं नाही. विद्यापीठात अॅनाच्या नावाची एक पाटी तरी हवी, असं मला मनापासून वाटतं. मराठी आणि इतिहास विभागातल्या मित्रांनो, यासाठी मिळून अर्ज करूया का?