चार चर्च, एक सूप

इंग्लंडमधल्या उपवासकाळाची, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांची, खूण कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी सूप म्हणेन. हा काळ सुरू करणारा राखेचा बुधवार झाला की आमच्या यॉर्कशायरमधल्या छोट्या गावात दर शुक्रवारी दुपारी मेथडिस्ट पंथाच्या चॅपेलच्या हॉलमध्ये टेबलं मांडली जातात. सूप, पाव, चीजचा तुकडा आणि नंतर चहा. पैसे ज्याने त्याने मनाला येईल तेवढे डब्यात टाकायचे, ते सगळे मदतकार्याला जातात. मेथडिस्टांचाच हॉल का? तर त्यांचं स्वयंपाकघर मोठं आहे आणि हीटर चालतात. अँग्लिकनांचं, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचं, दगडी चर्च देखणं खरं, पण मार्चमध्ये तिथे अंगातला कोट काढायची हिंमत होत नाही. चर्चच्या ऐक्यावर विद्वानांनी ढीगभर लिहिलंय, हीटरला मात्र कुणी श्रेय देत नाही.

सूप शाकाहारीच असतं, कारण कॅथलिक मंडळी शुक्रवारी मांस खात नाहीत. इथल्या बिशपांनी तो जुना नियम २०११ साली पुन्हा लागू केला. बहुतेक वेळा मसुराचं सूप असतं, म्हणजे बिनफोडणीचं वरणच. माझी पाळी आली तेव्हा मी लसूण-जिऱ्याची फोडणी दिली. एक आजी दोन चमचे घेऊन ‘व्हेरी वॉर्मिंग’ म्हणाल्या आणि पाण्याचा जग जवळ ओढला.

गावात चर्च चार: अँग्लिकन, मेथडिस्ट, कॅथलिक आणि युनायटेड रिफॉर्म्ड (हाही एक प्रोटेस्टंट पंथ). एरवी रविवारी ज्याचं त्याचं दार वेगळं. उपवासकाळात मात्र बुधवारी संध्याकाळी एकत्र उपासना होते, दर आठवड्याला वेगळ्या चर्चमध्ये. यजमान पाळकाने प्रवचन करायचं नाही, ते पाहुण्याने करायचं, असा रिवाज आहे. त्यामुळे फादर मेथडिस्टांच्या पुलपिटवर उभे राहतात आणि मेथडिस्टांच्या पाळकबाई कॅथलिक चर्चमध्ये बोलतात. मिस्सा नाही, प्रभुभोजन नाही, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा विधी नाही, फक्त वचनं, गीतं आणि प्रार्थना. प्रभुभोजन मुद्दामच ठेवत नाहीत, कारण तिथे अजून कॅथलिक आणि बाकीचे एका पंगतीला बसू शकत नाहीत.

फरक लपत नाहीतच. मेथडिस्ट बसल्या जागी डोकं खाली घालून प्रार्थना करतात, कॅथलिक सरळ गुडघ्यांवर येतात, अँग्लिकन आधी आजूबाजूला बघून घेतात. प्रभूची प्रार्थना सगळे मिळून खणखणीत म्हणतात. ‘वाइटापासून सोडव’पर्यंत आलं की कॅथलिक सवयीने थांबतात आणि बाकीचे राज्य-सामर्थ्य-गौरवाची ओळ म्हणत पुढे जातात. अर्धं चर्च बोलतंय, अर्धं गप्प. दर बुधवारी हे होतं आणि दर बुधवारी दोन्हीकडचे ओशाळं हसतात.

मला पहिल्यांदा विचारलं गेलं, ‘तू अँग्लिकन की मेथडिस्ट?’ मी नगरची, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली आले, ते काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपणच पाहायचा असं मानणारे. पुढे एसपीजी या इंग्लिश मिशन संस्थेचे अँग्लिकनही आले. मग २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन, काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, ब्रदरेन, मेथडिस्टांचा एक गट आणि डिसायपल्स अशा सहा प्रवाहांचं एक चर्च झालं, तेच माझं. ते आज अँग्लिकन कम्युनियन या अँग्लिकनांच्या जागतिक परिवारातही आहे आणि जागतिक मेथडिस्ट परिषदेतही. त्यामुळे माझं उत्तर ‘दोन्ही’. हे ऐकून विचारणाऱ्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

त्यांना आश्चर्य वाटणं साहजिक होतं. इंग्लंडमध्ये अँग्लिकन आणि मेथडिस्टांना एक करण्याचा हाच घाट त्याच काळात घातला गेला होता. मेथडिस्ट तयार होते, पण १९७२ साली अँग्लिकनांच्या जनरल सिनॉडमध्ये, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च सभेत, ७५ टक्के मतं हवी होती आणि मिळाली ६६ टक्क्यांहूनही कमी. तेव्हाच्या मतदानाची आठवण काढून हळहळणारे म्हातारे आमच्या सूपच्या टेबलावर अजून भेटतात. २००३ साली दोघांनी एक करार केला, पण चर्च दोनच राहिली. ज्यांनी आपल्याकडे मिशनरी पाठवले ते घरी एक होऊ शकले नाहीत आणि लेकरं नागपुरात एक झाली, याची मला अजून गंमत वाटते. अर्थात आपण फार ताठायचं कारण नाही. माझ्या लहानपणी नगरला जुनी माणसं सोयरीक ठरवताना ‘ते मूळचे एसपीजीचे’ असं हळूच सांगायचीच.

गुड फ्रायडेला सकाळी चारही मंडळ्या लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन बाजारपेठेतून चालतात. क्रूस चांगलाच जड असतो, दर थांब्यावर खांदे बदलतात. दुकानं चालू असतात, कुणी पिशव्या सांभाळत दोन मिनिटं थांबतं, कुणी मोबाइलवर बोलत निघून जातं. सकाळची वेळ सर्वांना सोयीची, कारण कॅथलिकांची उपासना दुपारी तीनला असते. नगरला आम्ही बारा ते तीन बसायचो, येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचनं. इथे अँग्लिकन तेच एका तासात उरकतात. तेवढ्यात मन भरत नाही माझं, हे खरं.

या सगळ्यामागे प्रेम आहे तशी गरजही आहे. डोकी पांढरी आणि माणसं थोडी. चार वेगळ्या उपासना भरवायला आता तेवढे हातच नाहीत. कॅथलिकांकडे केरळच्या नर्सेसमुळे जरा जान आहे. रिफॉर्म्ड मंडळी इमारत सोडून मेथडिस्टांशी जोडून घ्यायचं म्हणतेय. इंग्लंडमध्ये अशा जोडमंडळ्या पुष्कळ आहेत. शेवटच्या शुक्रवारी रिफॉर्म्ड मंडळीच्या खजिनदारांनी पाव मोडता मोडता मला विचारलं, ‘तुमच्याकडे सहा चर्च एक झाली, तेव्हा इमारतींचं काय केलंत?’ मी म्हटलं, गुजरातेतल्या ब्रदरेनांच्या मालमत्तेचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०१३ साली निकाल लागला, तोही एकीकरणाच्या विरोधात. ते म्हणाले, ‘म्हणजे आधी वकील बघायला हवा.’