खुरपं घेऊन वेताळ टेकडीवर

जुलैच्या शेवटच्या रविवारी सकाळी साडेसहाला एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने पुण्यातली वेताळ टेकडी चढलो. रात्री एक सर येऊन गेली होती, मुरूम ओला, हवेत गारवा. एरवी मी इथे नुसता चालायला येतो. त्या दिवशी पाठीवरच्या पिशवीत खुरपं, जाड हातमोजे आणि दोन रिकामी पोती होती. आठ-दहा जणांचा कंपू, काम ठरलेलं: पायवाटेच्या कडेचं गाजरगवत, घाणेरी आणि गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) रोपं, म्हणजे बाहेरून येऊन इथल्या झाडोऱ्याची जागा खाणारी मंडळी, काढायची.

पहिलं काम गाजरगवताचं. पुणेकरांना कशाकशाचा अभिमान असतो, त्यात हेही घाला: भारतात हे गवत लक्षात आलं ते पुण्यातच, १९५५ साली. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं म्हणतात. काँग्रेस गवत हे त्याचंच दुसरं नाव. एका झाडाला हजारोंनी बिया धरतात, तेव्हा पांढरी फुलं यायच्या आतच मुळासकट उपटायचं. पावसानंतर माती सैल असते. बुडाशी धरून सरळ वर ओढलं की सोटमूळ अख्खं हातात येतं. उन्हाळ्यात हाच उद्योग केलात तर निम्म्यात तुटतं आणि पुन्हा फुटतं.

वाटेने जाणारे एक आजोबा थांबले. "अहो, चांगलं हिरवं आहे, कशाला उपटताय?"

"काका, काँग्रेस गवत आहे हे."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि काठीने पुढचं झुडूप दाखवून गेले, "तेही घ्या."

ते झुडूप मात्र आम्ही सोडलं. पानांची चाळणी झालेली, आणि त्यावर काळपट नागमोडी रेघांचे पिवळट भुंगे. मेक्सिकन भुंगा हा. १९८०च्या दशकात मुद्दाम आणून सोडला, गाजरगवत खातो म्हणून. पावसाळ्यात कामाला असतो. चिरडू नका, त्याचं काम त्याला करू द्या.

घाणेरी, म्हणजे टणटणी, ही वेगळी डोकेदुखी. वरून छाटली की चार फांद्यांच्या जागी दहा येतात. खोड जमिनीत शिरतं तिथली माती उकरायची, गाठीच्या खाली दोन-तीन इंच मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं. मुळाला माती लागली की परत धरतं. काटे आहेत, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. काळी पिकलेली फळं लागली असतील तर ती आधी पोत्यात. बुलबुल बिया पसरवतातच, आपण भर कशाला घालायची!

खरा प्रश्न गिरिपुष्पाचा. काही दशकांपूर्वी टेकड्या हिरव्या करायच्या म्हणून हे मध्य अमेरिकेतलं झाड पुण्याच्या टेकड्यांवर भरमसाट लावलं. शेताच्या बांधावर हिरवळीच्या खताला ते उत्तमच, पण इथे मूळ गवताळ माळ होता, मधून मधून सालई, मोई, मेडशिंगी ही इथली झाडं. उन्हाळ्यात शेंगा तडतडून फुटतात, बिया लांब उडतात. मोठं झाड तोडायच्या फंदात पडू नका. परवानगीशिवाय तोड बेकायदा आहे, शिवाय बुंध्यातून झुडुपासारखं फुटतं. आणि एकदम सगळी सावली काढली तर मोकळ्या जमिनीवर पहिलं कोण येणार? गाजरगवतच. आम्ही फक्त बोटाएवढ्या जाडीची रोपं उपटली.

आणि इथेच माझी फजिती झाली. जोरात ओढून काढलेलं एक रोप हातात घेतो तर करंज! कोणीतरी लावलेलं, भोवतालचं आळं गवताखाली बुजलेलं. लगेच पुन्हा पुरलं, बाटलीतलं पाणी घातलं, पण जीव चुटपुटला. तेव्हा उपटण्याआधी पान उलटून बघा. गिरिपुष्पाच्या पानाची मागची बाजू फिकट, राखी असते, त्यावर बरेचदा जांभळट डाग. करंजाचं पान तुकतुकीत, पाच-सात पर्णिकांचं. शंका आली तर रोप सोडून द्या. पुढच्या रविवारी ते तिथेच असेल.

टेकडीचा बराच भाग वनखात्याचा आहे, म्हणून वनरक्षकांशी आधी बोलून जा. एकट्याने मनाने झाडं उपटत फिरू नका. नऊच्या आत आटपा. हातमोजे घरी विसरलेल्या आमच्यातल्या एकाच्या मनगटावर दुपारपर्यंत लाल चट्टे उठले होते. गाजरगवताची ॲलर्जी असेल त्याने या कामाला येऊच नये. फुलं धरलेलं गवत घरच्या खताच्या खड्ड्यात टाकू नका. आणि सप्टेंबरात उतारावर नारिंगी कॉसमॉस फुलला की फोटो काढा हवं तर, पण बी घरी नेऊन पेरू नका. तोही मेक्सिकोचाच पाहुणा, आणि आपल्या सोनकी-तेरड्याची जागा खातो.

साफ केलेल्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना दगड रचून ठेवले होते. वीस दिवसांनी गेलो तर मधे पुन्हा गाजरगवताची वीतभर पोरं. अर्ध्या तासात उपटून झाली. एका कडेला टाकळा दाट उगवला होता. तो आम्ही तसाच ठेवला. त्याच्या दाटीत गाजरगवताला जागा कमी मिळते.