सांगलीत बसून स्पॅनिश: इंग्रजीचा वळसा कशाला?

‘मला आंबे आवडतात.’ यात ‘आवडतात’ हे क्रियापद कुणाचं ऐकतं? आंब्यांचं. ‘मला’ बाजूला उभा असतो. स्पॅनिशमध्ये याच वाक्याला ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणतात आणि घडण तीच आहे: ‘मे’ म्हणजे मला, ‘गुस्तान’ म्हणजे आवडतात. आंबा एकच असला तर ‘मे गुस्ता एल मांगो’. मराठीतून बघितलं तर हे पाच मिनिटांचं काम आहे. पण पुस्तक इंग्रजीतलं, शिकवणं इंग्रजीतून, त्यामुळे विद्यार्थी ‘आय लाइक’ला धरून ‘यो गुस्तो’ बनवतात आणि ती चूक दोन-दोन वर्षं जात नाही.

सांगली, मिरज, इस्लामपूर, तासगावच्या मुलांना आपलं इंग्रजी कच्चं म्हणून स्पॅनिश जमणार नाही असं वाटत राहतं. हा समज मनापासून काढून टाका. व्याकरणाच्या कितीतरी जागी मराठी स्पॅनिशच्या जास्त जवळ आहे.

‘मी घर पाहिलं’ पण ‘मी सुनीताला पाहिलं’. माणूस आला की आपण ‘ला’ लावतो. स्पॅनिशमध्येही ‘बी ला कासा’ पण ‘बी आ सुनीता’. इंग्रजीत हा फरकच नाही, म्हणून इंग्रजीतून शिकणारे तो ‘आ’ हमखास गाळतात. भूतकाळाचंही तसंच. ‘लहानपणी नदीवर जायचो’ आणि ‘काल नदीवर गेलो’ यांत आपण कधी गोंधळत नाही. पहिल्याला ‘इबा’, दुसऱ्याला ‘फुई’. ‘जात होतो’ असं म्हणायचं असलं तरी बहुतेक वेळा ‘इबा’च चालतं, एवढं लक्षात ठेवायचं. आणि ज्या सबजंक्टिव्हचा सगळ्यांना धाक, ते आपलं ‘यावं, जावं, करावं’ आहे. ‘तू यावंस अशी माझी इच्छा आहे’ म्हणजे ‘क्येरो के बेंगास’. ‘येतोस’ आणि ‘यावंस’ यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो, त्याचं निम्मं काम झालेलं असतं.

मराठी साथ सोडते ती ‘आहे’पाशी. आपल्याकडे एकच ‘आहे’, त्यांच्याकडे ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदं. ‘कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार’ हा सोपा नियम शिकवला जातो. तो टाकून द्या. सांगली कृष्णाकाठी आहे, कायमची आहे, तरी तिथे एस्तार लागतं, कारण जागा सांगायला एस्तार. मेलेला माणूस काही परत येत नाही, तरी ‘एस्ता मुएर्तो’, कारण ती घडून आलेली अवस्था. उलट ‘तास पाच नंबरच्या खोलीत आहे’ म्हणताना सेर, कारण तास ही वस्तू नाही, तो घडणारा कार्यक्रम आहे. तेव्हा प्रश्न असे विचारायचे: हे काय किंवा कोण आहे (सेर), कुठे किंवा कशा अवस्थेत आहे (एस्तार), आणि कार्यक्रम कुठे होतोय (पुन्हा सेर). ‘एस लिस्तो’ म्हणजे हुशार आहे, ‘एस्ता लिस्तो’ म्हणजे तयार आहे. परीक्षेला बसताना दोन्ही हवेत.

उच्चारात तर आपण भाग्यवान आहोत. स्पॅनिश त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे. ‘तोदो’ म्हणा, ‘टोडो’ नको. टोमॅटो आपल्याकडे इंग्रजीतून आला म्हणून ट, स्पॅनिशमध्ये तो ‘तोमाते’. तळहात ओठांपुढे धरून ‘पापा’ म्हणा. हाताला वाऱ्याचा झोत लागला नाही तर प बरोबर. त्यांचा ‘च’ आपल्या ‘चार’मधला, ‘चांगला’मधला नव्हे. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’, यातला र आपल्या ‘मोर’मधला. ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा, त्यातला र जिभेच्या टोकावर थरथरला पाहिजे. लहान मुलाला चिमणी ‘भुर्र’ उडाली म्हणून दाखवताना आपण जी जीभ थरथरवतो, तीच. आधी नुसतं ‘भुर्र’ लांबवा, मग भु काढून टाका.

इथे सोयीसाठी सगळं देवनागरीत लिहिलंय. वहीत मात्र दुसऱ्या आठवड्यानंतर देवनागरी बंद करा. कारण आघात. ‘मी बोलतो’ आणि ‘तो बोलला’ हे दोन्ही देवनागरीत ‘आब्लो’च दिसतात, फरक फक्त जोर पहिल्या अक्षरावर की शेवटच्या, यात आहे. शब्द स्वरात, न किंवा स मध्ये संपला तर जोर उपान्त्य अक्षरावर, नाहीतर शेवटच्या अक्षरावर, आणि हा नियम मोडत असेल तिथे डोक्यावर रेघ असते. मराठीत अर्थ आघातावर ठरत नाही, म्हणून आपल्या मुलांकडून त्या रेघेकडे सर्रास दुर्लक्ष होतं आणि लेखनात गुण जातात.

आता इमर्शन, म्हणजे भाषेत बुडून राहणं. त्यासाठी विमानाचं तिकीट लागत नाही. तिथल्या माणसांशी फोनवर बोलायचं, तेव्हा घड्याळ लागतं. मेक्सिको सिटी आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे. सांगलीत सकाळचे सात वाजतात तेव्हा तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, माणसं कामावरून घरी आलेली असतात. कोलंबियात तेव्हा रात्रीचे साडेआठ. स्पेनसाठी मात्र आपली रात्र बरी. साडेनऊला बोललात तर तिथे हिवाळ्यात पाच, उन्हाळ्यात सहा वाजलेले असतात. आपल्या रात्री आठला फोन लावला तर हिवाळ्यात तिथे दुपारचे साडेतीन, म्हणजे ऐन जेवणाची वेळ.

भाषाविनिमयाचा जोडीदार, म्हणजे आपल्याला स्पॅनिश देऊन आपल्याकडून इंग्रजी घेणारा, मिळाला की मोबाइलवर गजर लावा: अर्धा तास स्पॅनिश, अर्धा तास इंग्रजी. गजर नसला की जिथे अडतं तिथे दोघंही इंग्रजीत घसरतात. प्रत्येक चूक सुधारायला सांगू नका, बोलणं खुंटतं. शेवटी तीनच चुका विचारून लिहून घ्या.

बोलायचं कशावर, हा प्रश्न तासगावच्या मुलाला पडू नये. बेदाण्याच्या शेडवर बोला. घड काढतात: ‘से कोर्तान लोस रासिमोस’. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात: ‘से सुमेर्खेन’. सावलीत जाळीवर वाळवतात: ‘से सेकान आ ला सोम्ब्रा’. कोण करतं हे न सांगता ‘करतात’ म्हणायची आपली पद्धत आणि त्यांचं ‘से’ एकाच कामाला येतात. फक्त घड एकच असेल तर ‘से कोर्ता’. दहा वाक्यांत अख्खी शेड उभी राहते. बेदाण्याला ‘पासा’ म्हणतात आणि ‘के पासा’ म्हणजे काय चाललंय, हे कळलं की जोडीदारही हसतो. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री स्पेनमध्ये घड्याळाच्या बारा ठोक्यांवर बारा द्राक्षं खातात. तेवढ्यावर तासभर गप्पा होतात.

ऐकण्यासाठी रोज एक मिनिटाचा ध्वनी घ्या, लेखी मजकूर असलेलाच. तीनदा ऐका, ऐकू आलं ते लिहा, मग ताडून बघा. शब्द येत असूनही वाक्य कळत नाही, कारण स्वर एकमेकांत मिसळतात. ‘बा आ आब्लार’ म्हणजे ‘तो बोलणार आहे’, पण कानावर पडतं ते नुसतं ‘बाब्लार’. संधी आपल्याला शाळेपासून माहीत आहे, इथे ती तोंडी चालते.

परीक्षा द्यायची तर डेले, म्हणजे स्पॅनिशच्या प्रमाणपत्राची परीक्षा. ती इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही स्पेनची सरकारी भाषासंस्था घेते, प्रमाणपत्राची मुदत संपत नाही. बी-१ ला, म्हणजे मधल्या पातळीला, वाचन आणि लेखन मिळून ५० गुण, श्रवण आणि संभाषण मिळून ५०, आणि दोन्ही गटांत स्वतंत्रपणे किमान ३० हवेत. पहिल्या गटात ४५ आणि दुसऱ्यात २८ मिळाले तर नापास. आपल्याकडची मुलं पुस्तकावर भर देतात आणि नेमकी दुसऱ्या गटात अडकतात. पदवीच करायची असेल तर दिल्लीचं जेएनयू आणि हैदराबादचं इफ्लू (इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ) इथे स्पॅनिशमध्ये बी. ए. आहे.

परदेशी जायचं तर बी-१ झाल्यावर जा, हे माझं ठाम मत. ए-१ वर, म्हणजे अगदी पहिल्या पातळीवर, गेलेला विद्यार्थी पहिले दोन महिने भारतीय मुलांच्या खोलीतच काढतो, आणि ते दोन महिने युरोत मोजावे लागतात. शहर निवडताना भाषा बघा. बार्सिलोनात कातालान जोरात आहे, विद्यापीठातले वर्गही त्या भाषेत असू शकतात. आंदालुसियात शब्दाअखेरचा स गळतो, ‘लोस दोस’चं ‘लो दो’ होतं. पहिल्या खेपेला सालामांका किंवा बाय्यादोलिद सोयीचं.

९० दिवसांपेक्षा मोठ्या कोर्सला विद्यार्थी व्हिसा लागतो, कोर्स आठवड्याला किमान २० तासांचा असावा. खर्चाच्या पुराव्याचा हिशोब इप्रेम नावाच्या सरकारी आकड्यावर होतो, तो २०२३ पासून महिना ६०० युरो आहे. १८० दिवसांवर राहणार असाल तर पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय दाखलाही हवा. कागदांचा क्रम चुकवू नका: आधी अपोस्टील (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का), मग स्पॅनिश भाषांतर. उलट केलं तर अपोस्टीलचा शिक्का भाषांतरात येत नाही आणि पैसे दुसऱ्यांदा भरावे लागतात. सहा महिन्यांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर पोचल्यापासून एका महिन्यात परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करायचा असतो.

नावाचा घोळ तर ठरलेला. स्पॅनिश फॉर्मवर दोन आडनावांचे रकाने असतात, कारण त्यांच्याकडे वडिलांचं आणि आईचं अशी दोन असतात. आपली मुलं दुसऱ्या रकान्यात वडिलांचं नाव टाकतात. मग ते पासपोर्टशी जुळत नाही. पासपोर्टवर आडनाव म्हणून जे छापलंय तेवढंच पहिल्या रकान्यात लिहा, दुसरा मोकळा ठेवा, आणि वडिलांचं नाव पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून असेल तर तसंच जोडून लिहा. डेलेच्या नोंदणीतही हेच.

राहायला यजमान कुटुंब मिळालं तर उत्तम. जेवण दुपारी दोन-तीनला आणि रात्री नऊनंतर, तेव्हा सकाळी पोटभर खाऊन निघा. शाकाहारी असल्याचं सांगताना मुलगी असाल तर ‘सोय बेखेतारियाना’, मुलगा असाल तर ‘बेखेतारियानो’, पण तेवढ्यावर थांबू नका. सॅलडवर ट्यूना किंवा भाजीत खामोनचे (डुकराच्या मांसाचे) तुकडे घालूनही ते शाकाहारी म्हणून पुढे येतं, कारण त्यांच्या बोलीत ‘कार्ने’, म्हणजे मांस, म्हटलं की मासा किंवा खामोन डोळ्यांपुढे येईलच असं नाही. ‘सिन’ म्हणजे ‘शिवाय’, तो लावून एकेक नाव घ्या: ‘सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो (मासा), सिन आतून (ट्यूना)’. अंडं चालत नसेल तर ‘सिन उएबो’ही जोडा, कारण तिथली तोर्तिया म्हणजे बटाटा घातलेलं ऑम्लेट.