गोळ्या बंद केल्या नाहीत, बदलल्या

बंदरावर, एस.टी.त, लग्नाच्या पंगतीतसुद्धा बायका मला बाजूला घेऊन हळूच विचारतात, "तुम्हाला आकडी येते ना? मग दिवस जाण्याआधी गोळ्या बंद केल्या होत्यात का?" परवा देवगडात एका लग्नाच्या मुलीच्या आईनं विचारलं, म्हणून एकदा नीटच सांगते.

नाही. बंद केल्या नाहीत, बदलल्या. त्यासाठी लग्नानंतर दीड वर्ष थांबलो.

चौदाव्या वर्षापासून मी व्हॅल्प्रोएट घेत होते. गोळी गुणाची, तिच्यामुळेच माझं कॉलेज पार पडलं. पण नऊ वर्षं चिठ्ठीवर तीच पुढे चालू राहिली आणि लिहून देणाऱ्यानं गर्भाचा विषय एकदाही काढला नाही. मुलगी वयात आली, उद्या तिचं लग्न होणार, हे काय दिसत नव्हतं? लग्नानंतर कोल्हापूरला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, तर त्यांचा पहिलाच प्रश्न, "मुलाचा विचार कधी आहे?" मी लाजले. "लाजू नका, त्यावर गोळी ठरते," त्या म्हणाल्या.

मग आकडे सांगितले. गरोदरपणात ही गोळी चालू असेल तर शंभरातल्या साधारण १० बाळांत जन्मजात व्यंग आढळतं. एरवी ते दोन-तीन बाळांत. शिवाय ३० ते ४० मुलांना पुढे बोलण्या-शिकण्यात अडचणी येतात. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते. म्हणजे पाळी चुकली हे लक्षात येऊन, घरात सांगून, करूळ घाट चढून कोल्हापूरला पोचेपर्यंत ते काम आटोपलेलं असतं. म्हणून फॉलिक अ‍ॅसिडही आधीपासून. इतर बायकांना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं, मला ५ मिलिग्रॅम दिलं.

नवी गोळी लॅमोट्रिजिन. तिनं अंगावर वाईट पुरळ उठू शकतं, म्हणून ती चिमटी-चिमटीनं वाढवायची, आणि जुनी सोबत असेल तर आणखीच हळू. तोवर तांबी. एप्रिलात आंब्याच्या पेट्या भरताना आकडी आलीच, दोन वर्षांनी पहिली. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. सासूबाईंनी रवळनाथाला कौल लावला. कौल उजवा आला, म्हणून त्या डॉक्टरीणबाईंवरही खूश झाल्या! डोस वाढला आणि आमचं थांबणं आणखी सहा महिने लांबलं.

दिवस गेल्यावर सासूबाईच म्हणाल्या, "गो बाय, आता त्यो गोळयो सोड, पोटातल्याक बाधतल्यो." बोलणं मायेचं, पण मला सगळ्यात भीती याचीच होती. आकडीत मी पडले तर पोटातलंही माझ्यासोबत पडणार. आकडी लांबली तर श्वास दोघांचा अडकणार. उलट गरोदरपणात हे औषध शरीरातून भराभर निघून जातं, त्यामुळे माझा डोस दोनदा वाढवावा लागला. पाकिटातल्या गोळ्या मोजून सासूबाई हवालदिल.

आणि व्हॅल्प्रोएट चालू असलेल्या कुणी हे वाचून उद्या गोळी टाकून देऊ नका. अचानक सोडली तर झटक्यावर झटके येऊ शकतात. काहींना तीच लागू पडते, दुसरी नाही. चिठ्ठी घेऊन जा आणि विचारा. लग्न ठरायच्या आधी गेलात तरी चालेल. (आकडी लपवून लग्न करू नका, हे माझं आगाऊ मत. फेफरं हे लग्न रद्द ठरवण्याचं कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यातून १९९९ मध्येच काढून टाकलंय, हेही सासरी सांगून ठेवा.)

बाळंतपणानंतरचंही आधीच ठरवलं होतं, कारण जागरण झालं की मला आकडी येते. रात्री अकरा ते चार पाळी नवऱ्याची. मी काढून ठेवलेलं दूध तो वाटी-चमच्यानं पाजायचा. दुपटी बदलायची ती जमिनीवर बसून. न्हाणीत बाळाला घेऊन एकटी मी कधीच गेले नाही, सासूबाई दारात पाट टाकून बसायच्या.

बाळ आता साडेतीन वर्षांचं आहे. बोलणं थांबतच नाही.