विश्रामबागची सामाईक बाग : हळद काढणीला आली

सांगलीतल्या आमच्या कॉलनीच्या खुल्या जागेतली हळद या आठवड्यात पाला टाकायला लागली. जूनच्या तोंडावर लावलेली सेलम जातीची हळद, म्हणजे आता आठ महिने भरत आले. पाणी तोडलंय. पाला पूर्ण वाळला की जमिनीलगत कापायचा, जमीन थोडी तापू द्यायची आणि मग कुदळ घालायची. राहवलं नाही म्हणून कडेचा एक गड्डा उकरून पाहिला. जेठ्या, म्हणजे मधल्या मुख्य गड्ड्याला चहूबाजूंनी हळकुंडं सुटलेली, एक मोडलं तर आत गर्द केशरी, बोटं दुसऱ्या दिवशीही पिवळी. मऊ पडलेला, पाणचट, वास मारणारा भाग कुठेच नाही. यंदा कंदकूज नाही, ही आमच्यासाठी सगळ्यात मोठी बातमी.

याचं श्रेय मी निचऱ्याला देतो. कृष्णाकाठची काळी जमीन कसदार खरी, पण पावसात ती फुगते आणि पाणी धरून बसते. उन्हाळ्यात तिलाच पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात आमचं बोअरचं पाणी क्षाराचं. फेब्रुवारीनंतर वाफ्यांच्या कडेला पांढरी खपली दिसायची. मिरज, वाळवा, पलूस भागात क्षारपड झालेल्या जमिनी आपण सगळ्यांनीच पाहिल्यात, त्याचंच हे छोटं रूप. माती तपासून घेतली तर सामू (पीएच) आठच्या वर, चुनखडी भरपूर. जिप्सम टाका, असा सल्ला लगेच मिळतो. पण जिप्समने मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम सुटं झालं, तरी ते पाण्याबरोबर वाहून जायला वाट हवी. वाट नसेल तर ते तिथेच राहणार.

कॉलनीतले डिग्रजकडचे अण्णा आयुष्यभर हळद पिकवलेले. ते एवढंच म्हणाले, "आधी पाण्याला वाट करून द्या, बियाचं मग बघू." त्यांच्या सांगण्यावरून सगळ्या वाफ्यांच्या मधून एक चर काढला, तळाला विटांचे तुकडे आणि वर जाड वाळू भरली, शेवट रस्त्याच्या गटाराला जोडला. वाफे फूटभर उंच गादीवाफे केले. नदी आमच्यापर्यंत येत नाही, पण कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांच्या धोका पातळीकडे सरकायला लागलं की इकडेही पाऊस उसंत देत नाही. अशा झडीनंतर पूर्वी आठवडाभर चिखल तुडवावा लागायचा. या पावसाळ्यात उघडीप मिळाली की दोन-तीन दिवसांत वाफसा, म्हणजे मातीत काम करता येईल एवढाच ओलावा, यायचा. भरणीही (गड्ड्यांवर मातीची भर) वेळेवर झाली, त्यामुळे गड्डे उघडे पडले नाहीत आणि कंदमाशीला अंडी घालायला जागा मिळाली नाही.

हा चर सगळ्यांच्या वाफ्यांतून जातो, आणि इथेच आमच्या बागेची घडी बसली. सुरुवातीला प्रत्येकाचा वाफा, प्रत्येकाचं खत, प्रत्येकाची फवारणी असं होतं. आता भाजी ज्याची त्याची, पण निचरा, खत आणि कीड ही तीन कामं सामाईक. पाणी आणि कीड वाफ्याची हद्द बघत नाहीत. माझं तर ठाम मत झालंय की नवीन बाग सुरू करणाऱ्यांनी बी-बियाण्याच्या आधी ही वाटणी ठरवावी.

कीड म्हणजे मुख्यतः वांग्याची शेंडेअळी. कोवळा शेंडा दुपारी मान टाकतो, पाणी दिलं तरी उठत नाही. तो चिरला की आत पोखरलेली नळी, भुसा आणि गुलाबीसर अळी. एकट्याने आपले शेंडे कापून काही साधत नाही, कारण शेजारच्या वाफ्यातून पतंग येतोच. म्हणून रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून शेंडे खुडायचे, किडकी फळंही, आणि पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवायचे. ते खताच्या खड्ड्यात मात्र टाकू नका. जोडीला ५ टक्के निंबोळी अर्क : १० लिटर पाण्याला अर्धा किलो निंबोळीची भरड, रात्रभर भिजवून, गाळून. मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावलेत. त्यात वांग्याच्या अळीचीच ल्युअर (वासाची गोळी) हवी, घाटेअळीची लावली तर हे पतंग फिरकतही नाहीत. भोगीच्या भाजीला वांगी, पावटा, घेवडा, गाजर असं सगळं बागेतलं होतं. काटेरी, जांभळ्या-पांढऱ्या रेघांची कृष्णाकाठची वांगी चिरताना एकही किडकं निघालं नाही, असं पलीकडच्या काकूंनी आवर्जून येऊन सांगितलं. फार बरं वाटलं.

खताचं थोडक्यात. उसाच्या तोडी चालू आहेत, पाचट मागाल तेवढं मिळतं आणि लोक ते पेटवून देतात, याचं खरंच वाईट वाटतं. पाचटात कर्ब जास्त, नत्र कमी, त्यामुळे नुसता ढीग लवकर कुजत नाही. १०० किलो पाचटाला ८०० ग्रॅम युरिया, १ किलो सुपर फॉस्फेट आणि १०० ग्रॅम कुजवणारं जिवाणू खत, थर देऊन ओलं ठेवायचं. ज्यांना युरिया नको ते शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण) वापरतात. वेळ जास्त लागतो, पण होतं. राहिलेलं पाचट वाफ्यांवर आच्छादन म्हणून. उन्हाळ्यात बाष्पीभवन कमी, म्हणजे क्षारही वर कमी येतात.

पुढचा टप्पा शिजवण्याचा. पातेल्यात हळकुंडं बुडतील एवढं पाणी, पांढरा फेस येऊन वास सुटला आणि काडी सहज आत गेली की उतरवायची. गच्चीवर दहा-पंधरा दिवस वाळवण. ५ किलो ओल्या हळदीची वाळून साधारण किलोभर होते, तेव्हा वाटणीचा हिशेब त्याच अंदाजाने धरलाय. निरोगी जेठे गड्डे बेण्याला वेगळे काढून झाडाच्या सावलीत हळदीच्याच पाल्याखाली झाकून ठेवणार आहोत. पुढच्या वर्षी एका वाफ्यात कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राची 'फुले स्वरूपा' लावून सेलमच्या शेजारी बघायची आहे. सेलमचं बेणं कुणाला हवं असेल तर अक्षय्य तृतीयेच्या आधी सांगा. बदल्यात देशी पावट्याचं किंवा चवळीचं बी चालेल.